मोरनीले मधातच थांबवते काय कोणी?

नाही, मले एक सांगा, दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं झालेले, बाहेर ऊन असं का डांबर चपलेले चिकटते, आत हॉलमध्ये कूलर सूंऽऽ करून राहिला, टीव्हीवर मोरनी कड्याच्या टोकावर उभी, एका हातात तिचं सोन्याचं पीस, दुसऱ्या हातात राजकुमाराचा हात, खाली जंगल पेटलेलं, ढोल धाडधाड वाजून राहिले, तिचे डोळे भरलेले, आमचे तिच्यापेक्षा जास्त भरलेले... आणि अशा वक्ताले कोणी टीव्ही थांबवते काय? मोरनीले मधातच थांबवते काय वं कोणी?

थांबवली! खटकन! मोरनीचं तोंड अर्धं उघडं, राजकुमाराचा एक डोळा मिटलेला एक उघडा, जसा काही झोपेतून उठवला त्याले... आणि ती पोट्टी रिमोट हातात धरून, आमच्याकडे तोंड करून, गोड आवाजात विचारते, "तर मैत्रिणींनो, मला सांगा, मोरनीनं जंगल वाचवायचं ठरवलं, तर तिचा संधी खर्च काय?"

खर्च? कोणाचा खर्च? इथं जंगल जळून राहिलं न बापा!

तुम्ही चिंचा फोडा, हात नका थांबवू, मी सांगते सगळं पहिलेपासून. लाईट काही इतक्यात येत नाही तुमची. आणि रिवाजच आहे आपला, तुमच्या गल्लीची लाईट गेली का आमच्यातल्या बाईनं येऊन सिरीयल सांगायची, आमची गेली का तुमच्यातलीनं. म्हणून तं आली मी. तशी मी दुसऱ्याच कामानं आली, पण ते मागून सांगते... ए गुड्डी! चिंचोका तोंडात नाही टाकायचा! थुक. थुक म्हटलं न! घशात अडकला म्हणजे? माझा तं जीव असाच अर्धा असते हिच्यापायी. ही खोकलली का मले वाटते गेलं काही तरी नळीत, ही चूप बसली का वाटते आता काय गिळलं हिनं!

आता इथं नवीन सुना बसल्या आहेत, त्याईले माहीत नसन. मी अपेक्षा. तसं या नावानं मले कोणी ओळखत नाही. मागच्या गल्लीतल्या भागीरथाबाईची सून म्हणा, संजीवची बायको म्हणा, गुड्डीची आई म्हणा, शेंबडं पोरगंही घर दाखवन. अपेक्षा म्हणाल तं म्हणतीन, 'इथं नाही राहत कोणी.' माहेर माझं नरखेडकडचं, आणि शाळा सातवी. ढ होती म्हणून नाही, हं! गावात शाळाच सातवीपर्यंत. आठवी पुढच्या गावाले, एसटी सकाळी जायची आणि यायची अंधारात. बाबा म्हणे, "फाट्यावर उतरन, मंग संत्र्याच्या बागेतून एकटी येईन... नाही गा, नको." झालं! माझ्यासंगच्या दोन पोट्ट्या गेल्या, त्याईचे बाप फाट्यावर सायकल घेऊन उभे राहायचे. माझ्या बाबाले सायकल येत नव्हती. आता हसू नका, खरंच येत नव्हती.

तं मी काय सांगत होती? टीव्ही थांबवला.

आता टीव्ही थांबवणारी कोण, तं आमची मॅडम. प्रणाली नाव. वयानं माझ्यापेक्षा लहानच, कळमेश्वरची पोट्टी, इथं नागपुरात कॉलेजात अर्थशास्त्र शिकून राहिली. कोण्या संस्थेनं तिले काम दिलं का वस्तीत जा, बायाईले अर्थशास्त्र शिकव, दर शनिवारी, दोन वाजता, आमच्या समाजाच्या हॉलमध्ये. आणि आमच्या बाया गेल्या. शिकाले? अव माय! कूलरसाठी! आमच्या घरच्या कूलरची हवा म्हणजे आजारी माणसानं फुंकर मारावी तशी, आणि हॉलमधला कूलर म्हणजे ओढणी उडते! पहिल्या शनिवारी ती बिचारी फळ्यावर एक आडवी रेघ, एक उभी रेघ, मधात एक वाकडी, असं काढत गेली, आणि तिनं मागं वळून पाहिलं तं अर्ध्या बाया आडव्या, अर्ध्या वाकड्या. शोभाताई तं घोरत होती. शोभाताई म्हणजे आमची शेजारीण, जागी असली का गल्लीचं लाऊडस्पीकर, झोपली का गल्लीचं ट्रॅक्टर.

दुसऱ्या शनिवारी मॅडमनं फळा आणलाच नाही. मोबाईल टीव्हीले जोडला आणि लावली न मोरनी!

मोरनी म्हणजे ती सिरीयल, 'इच्छाधारी मोरनी'. दिवसा बाई, ढग गरजले का मोर. नानाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणते, "लांडोरीले पिसारा कुठं असते गा? पिसारा मोराले असते." आता त्याईले कोण सांगन का टीव्हीवर लांडोरीलेच असते! आणि त्या चॅनेलचा रिचार्ज आपल्याकडं आहे कोणाचा? नाही. म्हणजे अख्ख्या वस्तीत मोरनी पाहाची असन तं एकच जागा, समाजाचा हॉल. शनिवार, दोन वाजता. गुड्डीले कडेवर मारली, डोक्यावर ओला दुपट्टा, खिशात कांदा, ऊन लागू नये म्हणून, आणि गेली मी. आणि दोन वीसले तिनं... खटकन!

शोभाताई ओरडली, "पोरी, पहिले ते चालू कर! मंग सांगतो काय खर्च अन् काय नाही! पाहुण्याच्या पुढचं ताट ओढते काय तू!"

मॅडम काही घाबरली नाही. म्हणे, "ताई, चालू करते. पण आधी सांगा. तिच्याकडं पीस एकच आहे. ते विस्तवात टाकलं तर जंगल वाचतं, पण मग ती जन्मभर मोर राहणार. ते जवळ ठेवलं तर ती बाई राहते, राजकुमार मिळतो, पण जंगल जातं. तिनं जंगल घेतलं. मग हातातून काय सुटलं?"

कोणी म्हणे राजकुमार, कोणी म्हणे संसार, कोणी म्हणे दागिने. शोभाताई म्हणे, "सासू सुटली, बरंच झालं." आणि मॅडम म्हणे, "जे घेतलं, त्याच्यापायी जे सगळ्यात चांगलं सुटलं, तो संधी खर्च. आपण नेहमी हातात काय आलं ते पाहतो. सुटलं काय, ते पाहायला शिकायचं."

तुम्हाले सांगते, माझ्या अंगावर काटा आला. कूलरनं नाही. मले कोणी पहिल्यांदा सांगितलं का जे सुटलं त्याले पण नाव असते म्हणून! मले आपलं वाटे, मनात उगाच खुपते, पित्त असन.

मोरनी काही जन्मभर मोर राहिली नाही, सिरीयलच ते, दुसरं पीस निघालं! मंग तं काय, दर शनिवारी तेच. मोरनी उडाली का थांबव. मोरनी रडली का थांबव. एकदा तं ती मोर बनून राहिली होती, वीज चमकली, गोल गोल फिरली, पाठीतून पिसं निघाले... थांबवलं! म्हणे, "पहिल्यांदा ही मोर झाली तेव्हा तुम्ही काय केलं होतं?" आम्ही म्हटलं, किंचाळलो. "दुसऱ्यांदा?" डोळे मोठे केले. "आणि आज?" आम्ही पाहिलं एकमेकीकडं, तं शोभाताई लसूण सोलून राहिली, मी गुड्डीचं नाक पुसून राहिली, बाकीच्या घामोळ्याच्या पावडरच्या गोष्टी करून राहिल्या. मॅडम टाळी वाजवून म्हणे, "हीच घटती सीमान्त उपयोगिता!" एवढं मोठं नाव, बापा! आणि गोष्ट काय, तं तेच तेच जास्त झालं का गोडी कमी होते.

घरी आली, यांच्या ताटात पोळ्या वाढल्या, म्हटलं, "पहिली पोळी कशी लागली?" हे कळमेश्वरच्या कंपनीतून थकून आलेले, म्हणे, "चांगली." दुसरी? "चांगली." तिसरी? "अव, जेवू दे न!" मी म्हटलं, "पाहा, गोडी कमी झाली. घटती सीमान्त उपयोगिता." यांनी ताट पुढं सरकवलं, म्हणे, "चौथी दे, पाहू." असे आहेत हे!

आणि हो, ते मक्तेदारीचं राहिलंच. ती चेटकीण आहे न, कालरेखा, भुवया इथपासून इथपर्यंत, तिच्या ताब्यात चांदण्याची विहीर. राज्यात दुसरी विहीरच नाही. साऱ्या बाया घागरी घेऊन उभ्या, आणि ही पायरीवर बसून हसते, "हा हा हा, जल चाहिए? पहले झुको!" थांबवलं. मॅडम विचारते, "वस्तू एकाच्याच हातात असली, का तो म्हणेल ते ऐकावं लागतं. असं तुमच्या पाहण्यात कोणी आहे?" आणि साऱ्या बाया एका सुरात, "कृष्णकांतकाका!"

कृष्णकांतकाका म्हणजे हॉलची किल्ली ज्याईच्या जानव्याले बांधली आहे ते. एकच किल्ली. लग्न असो, बारसं असो, काकाची दुपारची झोप झाल्याशिवाय हॉल उघडत नाही. आणि काका नेमके दारात उभे! मोरनी पाहत! पुढच्या शनिवारी किल्ली घेऊन आले ते तोंड फुगवून, कुलूप उघडत म्हणते, "घ्या. चेटकीण आली तुमची."

...गुड्डी, इकडं ये. इथं बस माझ्यापाशी. दाखव तोंड. आऽऽ कर. बरं.

आता मी मुद्द्यावर येते. मोरनीले मधात थांबवण्याचा राग यायचा मले, नाही म्हणत नाही. पण हळूहळू असं व्हायचं का, ती रिमोट उचलायची आणि मी सतरंजीवर पुढं सरकायची, आता काय विचारते, आता काय विचारते! शाळेत जशा बाई पुस्तक मिटून म्हणायच्या, 'सांगा पाहू...' आणि आपलं बोट वर जाण्याच्या पहिले आपणच अर्धे उभे राहायचो. तसं! आणि हजेरी घ्यायची मॅडम. "शोभा." "हाव." "अपेक्षा." पहिल्या वेळी मी बोललीच नाही. मले वाटलं दुसरी कोणी आहे. मंग एकदम आठवलं, अव, मीच! उठून उभी राहिली, गुड्डी कडेवर, आणि तोंडातून निघालं, "हजर, बाई!" साऱ्या हसल्या. मी पण हसली. पण घरी येईपर्यंत मनातल्या मनात म्हणत आली, हजर बाई, हजर बाई.

एक दिवस क्लास सुटल्यावर मॅडमले विचारलं, हळूच, म्हटलं, हे पुढं शिकता येते काय आता? ती म्हणे, "ताई, दहावीला बाहेरून बसता येतं की! मी शिकवीन तुम्हाला. क्लासनंतर अर्धा तास थांबा. इथला क्लास सुरू आहे तोवर मी येणारच आहे."

दहावी! मी सातवी पास बाई, आठवी नाही, नववी नाही, डायरेक्ट दहावी! रस्त्यानं येताना मले एक सायकलवाला दिसला आणि मी उगाच हसली त्याच्याकडं. त्याले काय वाटलं असन!

यांले सांगितलं. म्हणे, "दहावी करून काय करशीन?" आता याचं उत्तर काय देता? मी भाकर वाढली. मंग हेच तुकडा मोडत म्हणते, "बस. पास झाली तं पेढे मलेच वाटा लागतीन, एवढं ध्यानात ठेव." म्हणजे हो म्हणा.

आणि इथंच घात झाला, तुम्हाले सांगते!

झालं काय, का ज्या बायाईले शनिवारी दुपारी निघता येत नव्हतं, त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर यायच्या. 'सांग वं, मोरनीचं काय झालं?' आता रिवाज तो रिवाज. जिनं पाहिलं तिनं सांगायचं. मी सांगायची. आणि आमच्या सासूबाई, त्याईच्या काळी घरी माग होता, साऱ्या बाया कांड्या भरत बसायच्या, सुताच्या, रहाटावर. त्याच्यात जिले गोष्ट सांगता यायची, तिच्या वाटच्या कांड्या बाकीच्या भरून द्यायच्या. सासूबाई म्हणते, "माह्या सासूनं जन्मात कांडी नाही भरली, नुस्ती जीभ चालवली!" तं आमच्या घरात गोष्ट सांगणारीले मान आहे. मी बसली का सासूबाई माझी भाजी निवडून देतीन, पीठ मळून देतीन. असं दुसरीकडं होते काय? म्हणून मी पण रंगात यायची. कड्यावर उभी राहून दाखवायची, म्हणजे ओट्याच्या टोकावर. कालरेखासारखं हसायची. ओढणीचा पिसारा करायची. आणि मॅडमनं जे विचारलं ते पण सांगायची, तसंच्या तसं, संधी खर्च, मक्तेदारी, सारं. सासूबाईले तं एका दमात समजलं. म्हणे, "म्हणजे आपण माग विकला अन् पंखा घेतला, तसं. वारा आला, माग गेला." आणि मंग पदरानं पंख्याची जाळी पुसाले लागल्या.

मले काय माहीत, मी काय करून राहिली!

एका शनिवारी हॉलमध्ये चार बाया कमी. म्हटलं लग्नसराई आहे. पुढच्या शनिवारी अजून कमी. म्हटलं कुरोड्या-पापडाचे दिवस आहेत. मंग शोभाताई आली नाही. शोभाताई! कूलर सोडून! मी तिच्या घरी गेली, म्हटलं, ताई, तब्येत तं बरी आहे न? ऊन बाधलं काय? माझा जीव तं लगेच दवाखान्यापर्यंत जाऊन येते. तं ही खाटेवर पाय सोडून आंबा चोखत बसलेली. म्हणे, "मले काय धाड भरली? काहून येऊ वं एवढ्या उन्हात? तू सांगतेच न संध्याकाळी! तुझी मोरनी टीव्हीवरच्यापेक्षा बरी. आणि तू मधात थांबवत नाही!"

आणि तुम्हाले खोटं कशाले सांगू, मले पहिले आनंदच झाला! टीव्हीपेक्षा बरी म्हणे! अर्ध्या रस्त्यापर्यंत मी पिसारा फुलवूनच चालली. आणि बोअरिंगच्या हापशापाशी आली, आणि खटकन थांबली. मले कोणी रिमोट मारल्यासारखी.

काहून का, मागच्याच शनिवारी काय दाखवलं होतं? कालरेखा मोरनीची हमशकल बनवते. तेच तोंड, तेच डोळे, आवाज जरा गोड. तिले महालात पाठवते, आणि महालात कोणालेच खऱ्या मोरनीची आठवण येत नाही! खरी बाहेर जंगलात, दार ठोकते, आत सारे नकलीसंग जेवून राहिले. थांबवलं. मॅडम म्हणे, "ही पर्यायी वस्तू. एकीच्या जागी दुसरी चालते. चहा महाग झाला, लोक कॉफी प्यायला लागले, तर चहाला कोण विचारतं?" शोभाताई म्हणाली होती, "इथं कोण कॉफी पिते वं? चहा महाग झाला का आम्ही बिनसाखरेचा पितो." साऱ्या हसल्या. मीच सगळ्यात जोरात हसली.

आणि आता बोअरिंगपाशी उभी राहून मले समजलं का ती हमशकल कोण. मी! मीच वं! घरपोच, फुकट, उन्हात जाणं नाही, मधात थांबवणं नाही, वरून ओढणीचा पिसारा! कोण जाते मंग हॉलमध्ये? खरी मॅडम तिथं बसली, आणि सारे इथं नकलीसंग जेवून राहिले!

हे सुधाराले काय नाही केलं मी? संध्याकाळी ओट्यावर बसली, मोरनीले विषाचा पेला प्याले लावला, पेला ओठाले टेकवला, आणि... थांबवली! म्हटलं, पुढचं पाहाचं असन तं शनिवारी हॉलमध्ये या. अव बाप! असा गोंधळ! सासूबाई भाजी खाली ठेवून म्हणे, "हे काय वं? तोंडातला घास काढते काय?" शोभाताई म्हणे, "भाव खाऊन राहिली!" म्हटलं ओरडू द्या, येतीन, मागणी वाढन. आली का कोणी? नाही! त्याईनं काय केलं, आपल्या आपणच पुढची गोष्ट करून टाकली! शोभाताई म्हणे मोरनीनं पेला मांजरीले पाजला. सासूबाई म्हणे नाही, दासी बदलते पेला. दुसऱ्या दिवशी गोष्ट संपून, कालरेखाले मारून, मोरनीचं बारसं पण करून मोकळ्या! मले म्हणते, "राहू दे तुझं, आमचं झालं."

मागच्या शनिवारी हॉलमध्ये मी, गुड्डी आणि मॅडम. बस. काका किल्ली घेऊन दारात, त्याईनं स्वतःच सतरंज्या अंथरल्या, आणि काका कामाले हात लावते म्हणजे गोष्ट बिघडली समजा. एवढा मोठा हॉल, एवढ्या सतरंज्या, कूलर सूंऽऽ... मॅडमनं हजेरी घेतली तरी. "अपेक्षा." मी उभी राहिली. म्हटलं, हजर. त्या हॉलमध्ये असा घुमला तो आवाज, मले माझाच ऐकू आला परत.

मॅडम म्हणे, "ताई, पुढच्या शनिवारी संस्थेचे लोक पाहायला येणार. बाया दिसल्या तर क्लास राहील. नाही तर ते मला कळमेश्वरला पाठवायचं म्हणतात, तिथं हॉल मिळून राहिला." मी सांगितलं तिले, म्हटलं, मॅडम, बाया शिकल्या आहेत वो! ओट्यावर शिकल्या! माझ्या सासूले विचारा संधी खर्च! ती हसली. म्हणे, "ओट्यावरचं नाही मोजत, ताई. हॉलमधलं मोजतात."

रागावली असती तं बरं झालं असतं. तिनं गुपचूप मोरनी लावली. आणि त्या दिवशी, ऐका, त्या दिवशी तिनं एकदाही थांबवलं नाही! मोरनी जंगलातून महालाकडं निघाली, दार ठोकलं, दार उघडलं, राजकुमार समोर, हमशकल मागं, ढोल, वीज, वारा, सारं सलग! जे मले पहिल्या दिवसापासून पाहिजे होतं न, तेच! आणि मी बसली त्या सतरंजीवर, माझं ध्यान काही मोरनीत लागेना. मी मॅडमच्या हाताकडं पाहून राहिली, रिमोटकडं. मनातल्या मनात म्हटलं, थांबव न वं. थांबव. विचार न काही तरी. हे दार ठोकणं चाललं आहे, याले काय म्हणते ते विचार न...

नाही विचारलं.

शेवटी टीव्ही बंद करून मॅडम बसली माझ्याजवळ. गुड्डी तिची पेनं काढून राहिली पर्समधून, मी म्हटलं टोपण गिळन, टोपण काढा पहिले. आणि मॅडम विचारते, सहज, "ताई, तुमचा संधी खर्च काय?"

माझ्या तोंडातून एकदम निघालं, "आठवी."

आणि लगेच घाबरली मी! गुड्डीले घट्ट धरलं. का देवाले असं तं नाही वाटणार का ही पोरीच्या बदल्यात आठवी मागून राहिली? घरी येऊन पहिले हिची मीठमोहऱ्यानं दृष्ट काढली. नाही वं, गुड्डीले सोडून मले कोणतीच शाळा नको. पण... शाळा पण पाहिजे. पुढच्या साली हिचं नाव टाकायचं आहे अंगणवाडीत. ही कधी तरी आठवीत जाईन. मंग विचारन, आई, हे कसं? आणि मी काय सांगीन, मोरनी उडाली? हिच्या आठवीच्या पहिले मले माझी दहावी पाहिजे. फाट्यावर मी सायकल घेऊन उभी राहीन हिच्यासाठी. शिकली आहे मी सायकल, इथं येऊन. यांनी शिकवली.

तं म्हणून आली मी आज तुमच्या गल्लीत. लाईटीचं निमित्त झालं. खरं काम हे, का आमच्या गल्लीतल्या बाया तं आता येत नाही, त्याईची गोडी मीच संपवली, पण तुमच्या गल्लीतल्या बाया नव्या आहेत, तुम्हाले मोरनी माहीत नाही, तुम्ही आल्या तं हॉल भरते, हॉल भरला तं मॅडम राहते, मॅडम राहिली तं... काय म्हणता ताई?

"बरं झालं सांगितलं, आता जायची गरज नाही"?

अव माय!

सांगून टाकलं न मी सगळं! पीस, जंगल, विहीर, हमशकल... आणि काकाची किल्ली पण! शनिवारसाठी काहीच नाही ठेवलं! आणि उठून कुठं चालल्या तुम्ही पदर झटकत? लाईट आली? आली न, बरोबर, आताच यायची होती तिले! आणि या माझ्या पायापाशी एवढा ढीग, मी तं एक चिंच नाही फोडली, साऱ्या तुम्हीच... म्हणजे कांड्या पण माझ्या तुम्हीच भरल्या!

गुड्डी, चल बाई. थुक ते. नाही? दाखव. बरं, नाही काही.

जाऊ द्या, होते असं. जीभच माझी सासरच्या घरातली आहे. पण ताई, एक काम करा माझं. तुमच्या जावेले सांगजा, पलीकडच्या गल्लीत सांगजा, पिठाच्या गिरणीवर उभ्या राहणाऱ्या बायाईले सांगजा. फक्त गोष्ट नका सांगजा, पाया पडते! मोरनीचं नाव काढू नका, अर्थशास्त्राचं तं बिलकुल काढू नका. एवढंच सांगजा, का शनिवारी दोन वाजता समाजाचा हॉल उघडा आहे, काकाची झोप झाली असन, कूलरमध्ये पाणी मी स्वतः भरून ठेवीन... आणि आमची मॅडम मोरनीले मधातच थांबवते.